आधी कॉफी, मग बघू: इंडोनेशियाच्या तरुणाईचं कोडं

ऑगस्ट उजाडला की इंडोनेशियात गल्लोगल्ली लाल-पांढरे झेंडे लागतात. 17 ऑगस्ट हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी सुपारीचं उंच खोड तेल-ग्रीस फासून मैदानात रोवतात, वर सायकली, पंखे, बादल्या टांगतात आणि पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून, घसरून, पुन्हा चढून ती बक्षिसं खाली काढतात. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

2025 साली, स्वातंत्र्याला 80 वर्षं होत असताना, ट्रकच्या मागे, घरांच्या फाटकांवर, मोटारसायकलींवर आणखी एक झेंडा फडकू लागला. काळा, त्यावर हसरी कवटी आणि कवटीच्या डोक्यावर गवताची टोपी. 'वन पीस' या जपानी चित्रकथेतल्या चाच्यांचा हा झेंडा. संसदेच्या एका उपाध्यक्षांना त्यात देश फोडण्याचा डाव दिसला, एका मंत्र्यांनी कायद्याची आठवण करून दिली. पुढच्याच महिन्यात तो काठमांडूच्या रस्त्यांवर दिसला आणि तिथून आपल्या बातम्यांतही आला. बऱ्याच घरांत आईवडिलांनी पोरांना विचारलं असणार, हे काय नवीन खूळ?

खूळ नाही. पण झेंड्यापासून सुरुवात केली तर हाती काही लागणार नाही. सुरुवात कॉफीच्या गाड्यापासून करावी लागते, आणि त्याहीआधी थोडे आकडे.

## किती जण, कुठले

इंडोनेशियाची लोकसंख्या 28 कोटींच्या घरात आहे. बेटं 17,000 हून जास्त, भाषा 700 हून जास्त. 2020 च्या जनगणनेत 1997 ते 2012 या काळात जन्मलेले, म्हणजे ज्यांना आता सगळं जग जेन झी म्हणतं ते, 27.94 टक्के निघाले. त्यांच्या आधीची पिढी 25.87 टक्के. दोन्ही मिळून निम्म्याहून जास्त देश झाला.

अर्थतज्ज्ञ याला 'लोकसंख्येचा लाभांश' म्हणतात. कल्पना करा, घरात चार मुलगे हाताशी आले आहेत, म्हातारे अजून धडधाकट आहेत, नातवंडं व्हायची आहेत. कमावणारे हात जास्त, बसून खाणारी तोंडं कमी. अशी वर्षं घराच्या वाट्याला एकदाच येतात. त्यात घर बांधलं तर बांधलं. देशाचंही तसंच. म्हणून तिथल्या सरकारने 2045 साल, स्वातंत्र्याची शंभरी, डोळ्यांपुढे ठेवून घोषणा दिली: 'इंडोनेशिया एमास', सोनेरी इंडोनेशिया. पोरांनी त्यात एक अक्षर वाढवलं आणि केलं 'इंडोनेशिया चेमास'. चेमास म्हणजे धास्तावलेला.

चेष्टा आहे, पण तिच्या मागे हिशोब आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये देशातली बेरोजगारी 4.76 टक्के होती. 15 ते 24 या वयात ती 16 टक्क्यांवर जाते. सरकारी आकडेवारीनुसार मध्यमवर्गात मोडणारी माणसं 2019 मध्ये 5 कोटी 73 लाख होती, 2024 मध्ये ती 4 कोटी 79 लाखांवर आली. मुलगे हाताशी आले आणि नेमकी त्याच वेळी घराची शेती आटू लागली, असं काहीसं.

## एक शब्द: दुलू

आता भाषा. इंडोनेशियन बोलीत 'दुलू' असा एक शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात, पूर्वी आणि आधी. आपला 'आधी' अगदी असाच आहे. 'आधी असं नव्हतं' यातला आधी वेगळा आणि 'आधी जेवून घे' यातला वेगळा. इंग्रजाला हे समजावताना घाम फुटेल. मराठी माणसाला लगेच पटतं.

तिथली पोरं हा दुसरा 'आधी' उठता बसता वापरतात. 'ङोपी दुलू', आधी कॉफी पिऊ. 'नोंगक्रोंग दुलू', आधी जरा बसू. 'हीलिंग दुलू', आधी मनाला जरा बरं वाटू दे, म्हणजे दोन दिवस बांडुंगला नाहीतर बालीला जाऊन येऊ. या प्रत्येक वाक्याच्या शेवटी न बोललेलं एक 'मग बघू' असतं. माझ्या मते या पिढीची राहणी त्या न बोललेल्या शब्दांत आहे. 'मग' काय होणार याची खात्री नाही, म्हणून 'आधी' काय करायचं त्यावर सगळा जोर.

शब्द जोडून तोडून नवे करण्यात ही मंडळी पटाईत आहेत. 'मागर' म्हणजे 'मालास गराक', हलायचा कंटाळा. 'बुचिन' म्हणजे 'बुदाक चिंता', प्रेमाचा गुलाम. (हा 'चिंता' संस्कृतातूनच गेला, पण तिकडे त्याचा अर्थ प्रेम झाला. यावर वेगळा लेख होईल.) 'चुरहात' म्हणजे मन मोकळं करणं. मला सर्वांत आवडतो तो 'गाबुत'. मूळ 'गाजी बुता', शब्दशः आंधळा पगार, म्हणजे काम न करता मिळणारा पगार. आता त्याचा अर्थ झाला आहे, 'करायला काही नाही, बसलोय नुसता'. शब्दातला पगार गेला, रिकामपण तेवढं राहिलं.

ही खटपट का, तर शाळेत शिकवली जाणारी इंडोनेशियन भाषा फार इस्त्रीची वाटते. ती मुळात मलय. 28 ऑक्टोबर 1928 रोजी बाताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने एक देश, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली आणि तिला राष्ट्राची भाषा ठरवलं. तेव्हा जावानीज बोलणारे सर्वांत जास्त होते, तरी जावानीज निवडली नाही. त्या भाषेत समोरचा मोठा की बरोबरीचा यावरून शब्दच बदलतात. स्वातंत्र्याची भाषा पायरी पाहून बोलायची कशी? हा निर्णय विशी-पंचविशीतल्यांचा होता हे आज तिथे कोणी 'पोरांना काय कळतं' म्हणालं की लक्षात ठेवण्यासारखं आहे.

## कट्ट्याला तिकडे काय म्हणतात

'नोंगक्रोंग' या शब्दाच्या मुळाशी उकिडवं बसणं आहे. अर्थ मात्र पुण्यामुंबईत 'कट्ट्यावर बसणं' म्हणतात तोच. काम नाही, विषय नाही, घड्याळ नाही. घरं लहान, बागा कमी, उकाडा बारमाही. मग संध्याकाळ काढायची कुठे?

योग्याकार्ता या जावाच्या जुन्या राजधानीत त्याचं उत्तर 'आंगक्रिंगान' आहे. ढकलगाडी, वर ताडपत्री, कोळशाच्या शेगडीवर किटल्या, बाजूला बाकडं आणि रस्त्यावर अंथरलेल्या चटया. तिथे 'सगो कुचिंग' मिळतो, म्हणजे मांजराचा भात: मूठभर भात, वर चिमूटभर मासा किंवा तिखट, केळीच्या पानात नाहीतर कागदात बांधलेला. मांजराला घालावा एवढाच, म्हणून ते नाव. स्टेशनच्या बाजूला कॉफीच्या पेल्यात धगधगता निखारा टाकून देतात, चर्र आवाज येतो, त्या आवाजावरून तिला 'कोपी जोस' म्हणतात. विद्यार्थी दोन पुड्या आणि एक पेला घेऊन चार तास बसतो आणि गाडीवाला त्याला उठ म्हणत नाही. यात सगळं आलं.

जकार्तात हीच गोष्ट सायकलवर फिरते. सायकलला पाकिटांच्या माळा, मागे गरम पाण्याचे थर्मास. पुडी फोडून कॉफी करून देणाऱ्या या लोकांना पोरांनी 'स्टारलिंग' नाव ठेवलं आहे: स्टारबक्स कलिलिंग, म्हणजे फिरतं स्टारबक्स.

मग 2015 मध्ये दक्षिण जकार्तातल्या चिपेते भागात 'तुकू' नावाचं छोटं दुकान निघालं आणि बर्फातली दूध-कॉफी विकू लागलं. साखरेऐवजी त्यात 'गुला आरेन' घालतात, एका ताडजातीच्या झाडाच्या रसाचा गूळ. गोव्याकोकणात माडाचा गूळ ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ती चव ओळखीची वाटेल: गोडाबरोबर किंचित धूर. किंमत 18,000 रुपियाच्या आसपास. आकडा पाहून दचकू नका. 2025 च्या भावाने आपल्या एका रुपयाला साधारण 190 रुपिया पडतात, म्हणजे पेला 95 रुपयांचा. आंगक्रिंगानपेक्षा बराच महाग, परदेशी साखळी दुकानापेक्षा बराच स्वस्त. ही मधली पायरी तोवर रिकामी होती. तिच्यावर पुढे 'कोपी कनांगान' (2017) आणि 'जांजी जिवा' (2018) अशा साखळ्या चढल्या. कनांगान म्हणजे आठवण. जांजी जिवा म्हणजे जिवाचं वचन, आणि हा 'जिवा' आपला जीवच. कनांगानच्या गाजलेल्या कॉफीचं नावच मुळी 'पूर्वीच्या प्रेमाची आठवण' असं आहे. चहाच्या टपरीला 'येवले' 'अमृततुल्य' नाव देणाऱ्या आपल्याला हे जरा जास्तच वाटेल.

यात एक जुनं देणंही फिटतं. कॉफी जावात आणली डचांनी, तीही आपल्या मलबार किनाऱ्यावरून, 1696 मध्ये. पुढे 1830 पासून शेतकऱ्यांवर निर्यातीची पिकं सक्तीने लादली गेली. जावाचं नाव जगभर कॉफीला पडलं, पण उत्तम दाणा जहाजात जायचा. आपल्या मातीतली चांगली कॉफी आपणच चवीने आणि ऐटीत प्यायची ही गोष्ट त्या देशात नवी आहे. मला त्यात चैनीपेक्षा थोडी हक्काची भावना दिसते.

## 'कॉफीवर उडवण्यापेक्षा घर घ्या की!'

हा आक्षेप तिथेही घेतात, इथेही. चला, पाटीवर मांडू.

रोज एक 18,000 ची कॉफी धरली तर महिन्याचे 5 लाख 40 हजार रुपिया. जकार्ताचं 2025 चं किमान वेतन महिना सुमारे 54 लाख रुपिया, आपले 28,000 रुपये. म्हणजे कॉफी दहा टक्के खाते. कमी नाही, मान्य. वर्षाला होतात जवळपास 65 लाख.

आता घर. जकार्ता आणि भोवतालच्या पट्ट्यात सरकारी अनुदान मिळणाऱ्या सर्वांत साध्या घराची कमाल किंमत 18 कोटी 50 लाख रुपिया आहे. कॉफी पूर्ण सोडून ते पैसे बाजूला टाकले, तर घराएवढे जमायला 28 वर्षं लागतील, आणि तोवर किंमत तिथेच थांबायला हवी. शिवाय असं घर शहरात नसतं, लोकलने दीड-दोन तासांवर असतं. योग्याकार्ता प्रांतात तर 2025 चं किमान वेतनच 22 लाख 64 हजार होतं.

तेव्हा पोरगं हिशोबात कच्चं नाही. त्याने गणित केलं, उत्तर आवाक्याबाहेरचं आलं आणि मग तो म्हणाला, ङोपी दुलू. चूक त्याची असेल तर एवढीच की काही जण पुढे जाऊन मोबाइलवरच्या 'आधी घ्या, पैसे नंतर द्या' योजनांत आणि 'पिंजोल' म्हणजे ऑनलाइन कर्जात अडकतात. ते खरंच वाईट आहे. व्याज फुगतं आणि वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात. याचं समर्थन करता येत नाही.

ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी 2025 मध्ये दोन नवी नावं निघाली: 'रोजाली' आणि 'रोहाना'. ऐकायला एखाद्या जोडप्याची नावं वाटतात. पहिलं म्हणजे 'क्वचितच घेणारी टोळी', दुसरं 'नुसतं विचारणारी टोळी'. मॉलमध्ये गारव्याला यायचं, हिंडायचं, भाव विचारायचा, फोटो काढायचा, परत जायचं. मॉल खच्चून भरलेले आणि गल्ले रिकामे. यावर मंत्र्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे गंभीरपणे बोलत होते.

## लोकल पकडून फॅशन वीकला

जुलै 2022 मध्ये मध्य जकार्तातल्या दुकुह आतास भागात एक मजा झाली. हा भाग म्हणजे काचेचे मनोरे, मेट्रोचं आणि लोकलचं स्थानक, रुंद पदपथ. तिथे उपनगरातली पोरंपोरी जमू लागली: चितायाम, बोजोंगगेदे, देपोक. वयं पंधरा-सोळा, कित्येकांची शाळा सुटलेली. स्वस्तातले, चित्रविचित्र जोडलेले कपडे घालून ती सिग्नल लागला की झेब्रा क्रॉसिंगवरून मॉडेलसारखी चालायची. गाड्या थांबलेल्या, मोबाइल उंचावलेले. नाव पडलं 'चितायाम फॅशन वीक'.

लोकलचं तिकीट 5,000 रुपियाच्या आसपास, आपले पंचवीसेक रुपये. तेवढ्यात शहराचा सर्वांत महागडा रस्ता संध्याकाळपुरता आपला. जकार्तातल्या बड्या व्यापारी वसाहतीला एससीबीडी म्हणतात. पोरांनी त्याच अक्षरांचा अर्थ लावला 'सुदिरमान, चितायाम, बोजोंगगेदे, देपोक'. बीकेसीचा अर्थ कोणी 'बदलापूर, कर्जत, चौक' असा लावावा, तसं. कल्याणपलीकडून रविवारी मरीन ड्राइव्हवर येऊन बसणाऱ्यांना यातला आनंद सांगायला नको.

शेवट अपेक्षेप्रमाणे झाला. बडे ब्रँड आले, राजकारणी येऊन चालून गेले, एका सिनेनटाने तर या नावावर मालकी हक्क मागणारा अर्ज केला आणि बोंब झाल्यावर मागे घेतला. मग वाहतुकीला अडथळा म्हणून पोरांना हुसकावलं. अवघ्या काही आठवड्यांचा खेळ.

त्यांचे कपडे कुठून येतात याचंही एक प्रकरण आहे. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे आयात करायला कायद्याने बंदी आहे, तरी जकार्ताच्या पासार सनेन बाजारापासून सगळीकडे ते मिळतात. योग्याकार्तात त्यांना 'आवुल-आवुल' म्हणतात, सुमात्रातल्या मेदान शहरात 'मोंझा'. मार्च 2023 मध्ये सरकारने असे गठ्ठे जाहीरपणे जाळले. स्थानिक कापड उद्योग वाचवायचा ही बाजू खरी आहे. पण पोरांना दिसलं ते एवढंच की आपल्याला परवडणारी गोष्ट जळते आहे.

## दुसऱ्याच्या पायांनी धावणं

2017 मध्ये 46 देशांतल्या मोबाइलधारकांची पावलं मोजणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंडोनेशिया तळाला: दिवसाला सरासरी 3,513. 'मागर' पिढी म्हणून स्वतःचीच थट्टा झाली. खरं तर पदपथ नाही, सावली नाही, आणि हाकेला मोटारसायकल हजर, तर चालेल कोण?

नंतर वारं फिरलं, धावण्याची लाट आली, आणि धावल्याचा नकाशा समाजमाध्यमावर टाकणं आलं. 2024 मध्ये बातमी फुटली: 'जोकी स्त्रावा'. स्त्रावा म्हणजे धावण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप. किलोमीटरला ठरलेले पैसे द्या, तुमच्या नावावर दुसराच कोणी धावेल. धावणारा बहुतेक वेळा विद्यार्थी. हसू येतं, पण जोकी हा तिथला जुना धंदा आहे. 2016 पर्यंत जकार्ताच्या काही रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत तीन माणसं असल्याशिवाय प्रवेश नसे. तेव्हा रस्त्याकडेला बायका तान्ही मुलं घेऊन उभ्या राहायच्या. पैसे द्या, गाडीत बसवा, माणसं भरा. त्यांनाही जोकीच म्हणत.

## 'पण तो तर मुस्लिम देश, मग हे सगळं चालतं?'

चालतं. लोकसंख्येत मुस्लिम सुमारे 87 टक्के आहेत, पण आपल्या डोक्यात या शब्दाबरोबर जे चित्र येतं ते बाजूला ठेवावं लागेल. हिजाबची सक्ती आचे प्रांत सोडल्यास देशाच्या कायद्यात नाही. उलट गंमत अशी, की लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीत 1980 च्या दशकात सरकारी शाळांत तो घालायला मनाई होती. ती 1991 मध्ये उठली. म्हणजे आजच्या तरुणींच्या आयांसाठी हिजाब ही सत्तेला न जुमानण्याची खूण होती. मुलींसाठी तो फॅशनही झाला आहे, श्रद्धाही आहे, आणि या दोन्हींत भांडण आहे असं त्यांना वाटत नाही.

तरुणांमध्ये 'हिजरा' हा शब्दही रुळला आहे: पूर्वीची मौजमजा सोडून धर्माकडे वळणं. त्याची प्रवचनं, टीशर्ट, मेळावे, सगळं आहे. पश्चिम जावातल्या गारुत गावातून तीन हिजाबधारी मुलींचा हेवी मेटल बँडही निघाला, 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. बाचेप्रोत म्हणजे स्थानिक सुंदानीज भाषेत बडबड, गोंगाट. 2014 मध्ये शाळेत सुरू झालेला हा गोंगाट 2024 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात पोचला. या मुली धार्मिक की बंडखोर, असा प्रश्न त्यांना सारखा विचारला जातो. प्रश्नच चुकीचा आहे.

## 'हे सगळं जकार्तापुरतं असेल'

बरंचसं, हो. आणि जकार्ताचाही दक्षिण भाग. तिथली पोरं निम्मी वाक्यं इंग्रजीत बोलतात म्हणून बाकीचा देश त्यांना हसतो. आपल्याकडे 'अ‍ॅक्च्युअली' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू न होणाऱ्यांना हसतात, तितपत.

पण छोट्या शहरांची स्वतःची लाट आहे आणि तिचा आवाज ढोलकीचा आहे. 'दांगदुत' हे तिथलं लोकप्रिय संगीत. तबल्याच्या जातीच्या वाद्यातून येणारा 'दांग' आणि 'दुत', त्यावरून हे नाव. मलय संगीतात हिंदी सिनेमाच्या चाली मिसळून ते घडलं, म्हणून पहिल्यांदा ऐकतानाही आपल्याला अनोळखी वाटत नाही. बरीच वर्षं सुशिक्षित घरांत त्याला नाकं मुरडायचे. मग पूर्व जावात त्याची ठेका वाढवलेली 'कोप्लो' शैली आली आणि नाकं मुरडणाऱ्यांचीच नातवंडं नाचू लागली.

त्याहून नवल दिदी कम्पोत यांचं. जावानीज भाषेत रेल्वे स्थानकं, बसतळं, बंदरं यांच्याभोवती विरहाची गाणी गाणारे हे गायक. 2019 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, अचानक विशीतल्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. चाहते स्वतःला 'सोबात आम्ब्यार' म्हणवत. आम्ब्यार म्हणजे फुटून विखुरलेलं. मैदानभर पोरं रडत, हसत, नाचत एकत्र गायची. स्टेशनवर सोडून जाणाऱ्या माणसांची ती गाणी होती, आणि गाणाऱ्यांतल्या अनेकांना गाव सोडून जायचंच होतं. मे 2020 मध्ये कम्पोत वारले.

## काबुर आजा दुलू

फेब्रुवारी 2025 मध्ये 'दुलू' पुन्हा आला, पण कॉफीसोबत नाही. समाजमाध्यमांवर खूण फिरू लागली: 'काबुर आजा दुलू'. आधी पळून तर जाऊ. जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कुठेही. पोरं एकमेकांना व्हिसा, शिष्यवृत्त्या, भाषेच्या परीक्षा, कामाचे तास यांची माहिती देऊ लागली. त्याच महिन्यात सरकारी खर्चकपातीविरुद्ध विद्यार्थ्यांनी 'इंडोनेशिया गलाप', अंधारलेला इंडोनेशिया, अशा घोषणेने मोर्चे काढले.

देशप्रेम कमी झालं का? कामगार खात्याच्या एका उपमंत्र्यांनी तसंच काहीसं ऐकवलं: जायचं तर जा, गरज पडली तर परतही येऊ नका. पण वाक्यातला 'दुलू' त्यांच्या नजरेतून सुटला. आधी जाऊ, म्हणजे मग येऊही. ज्या घरातून कायमचं तोंड फिरवायचं असतं तिथे माणूस 'आधी' म्हणत नाही.

## आता तो झेंडा

चित्रकथेची गोष्ट थोडक्यात अशी, की फाटकेतुटके चाचे एका भ्रष्ट जागतिक सरकारशी झुंजतात. तिथली पिढी ही गोष्ट वाचत आणि पाहत मोठी झाली. जुलै 2025 मध्ये नव्या नियमांवर नाराज ट्रकचालकांनी तो झेंडा लावायला सुरुवात केली आणि तो पसरला. राष्ट्रध्वजाचा अपमान ठरू नये म्हणून बरेच जण तो मुद्दाम लाल-पांढऱ्याच्या खाली लावत. कायदा 2009 चा आहे, तो पोरांनी वाचलेला होता. चाच्यांचा झेंडा लावतानाही नियम पाळायचा, हे मला फार इंडोनेशियन वाटतं.

उघड विरोधाची घोषणा लिहिली तर पकडतील. कार्टूनचा झेंडा लावला तर पकडणाराच हास्यास्पद होतो. रागाला खोडीचं सोंग दिलं की तो जास्त लांब जातो. चेमास, रोजाली, एससीबीडी, सगळीकडे हीच युक्ती आहे.

महिना संपायच्या आत सोंग उतरलं. 580 खासदारांना महिना 5 कोटी रुपिया घरभाडं भत्ता मिळतो हे बाहेर आलं. वर मांडलेलं किमान वेतन आठवा: जवळजवळ सव्वानऊ पट, आणि तोही फक्त भत्ता. 28 ऑगस्टच्या रात्री जकार्तातल्या निदर्शनांत पोलिसांच्या चिलखती गाडीखाली 21 वर्षांचा एक तरुण चिरडून मेला. तो 'ओजोल' होता, अ‍ॅपवर मोटारसायकल टॅक्सी चालवणारा.

ओजोल म्हणजे या पिढीचा मोठा रोजगार. 'गोजेक' 2010 मध्ये वीसेक चालकांवर सुरू झाली, 2015 मध्ये तिचं अ‍ॅप आलं आणि शहरं हिरव्या जॅकेटांनी भरली. कंपन्या चालकांना कामगार म्हणत नाहीत, 'मित्रा' म्हणतात. शब्द आपलाच, मित्र. तिकडे अर्थ भागीदार. मित्राला किमान वेतन नसतं. पदवीधर 'गाबुत' पोरगाही शेवटी तेच जॅकेट चढवतो, म्हणून त्या रात्री मेलेला प्रत्येकाला आपला वाटला.

पुढच्या दिवसांत लाखो जणांनी आपले फोटो गुलाबी आणि हिरव्या रंगात रंगवले. हिरवा त्या जॅकेटचा. गुलाबी, पोलिसांच्या रांगेसमोर एकटी उभी राहिलेल्या एका बाईच्या हिजाबचा. हिंसाही झाली, जाळपोळ झाली, आणखी माणसं गेली, हजारोंना अटक झाली. ते सगळं झाकून फक्त रंगांची गोष्ट सांगणं खोटं ठरेल. 31 ऑगस्टला भत्ता रद्द करण्याचं जाहीर झालं.

त्याच सुमाराला समाजमाध्यमांवरच्या काही तरुण मंडळींनी विखुरलेल्या मागण्या गोळा करून एक यादी केली, '17+8', स्वातंत्र्यदिनाची तारीख आणि महिना. 4 सप्टेंबरला ती संसदेत दिली. 'मग बघू' म्हणणाऱ्या पोरांनी या यादीत मगच्या तारखा घातल्या होत्या: पहिल्या 17 मागण्यांपुढे 5 सप्टेंबर 2025, उरलेल्या आठांपुढे 31 ऑगस्ट 2026.